दहा हजार गाड्यांचं शहर

आधीच सांगून टाकते, मी कॉन्व्हेंटची. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाची चूकभूल द्यावी घ्यावी!

यंदा टेक-फेस्टसाठी आम्ही चौघींनी हॉस्टेलच्या रूमवर थर्माकोलचं शहर बांधायला घेतलं, मधून रेसकारचा ट्रॅक. इमारती दोन रात्रींत उभ्या राहिल्या. पण गाड्या? प्रत्येक वळणावर उडून थेट कॉटखाली! असलं वेड आधी कुणाला लागलं होतं का, हे लायब्ररीत शोधताना मला नॉर्मन बेल गेडिस भेटला.

जन्म १८९३, अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात. नववीतच शाळा सुटली. मूळ आडनाव नुसतं गेडिस. १९१६ साली हेलन बेलशी लग्न झालं आणि तिचं 'बेल' त्याने आपल्या नावात घेतलं. (आपल्याकडे उलटं असतं!) तो नाटकाचे सेट करायचा. १९२४ साली 'द मिरॅकल'साठी त्याने न्यूयॉर्कच्या थिएटरचं आतून चक्क कॅथीड्रल करून टाकलं. घरी त्याने विजेवर धावणाऱ्या इवल्याशा घोड्यांची रेस बनवली होती, मित्र येऊन पैजा लावायचे. इंजिनिअरिंगची डिग्री? नाही.

मग १९३९ चा न्यूयॉर्क वर्ल्ड्स फेअर. जनरल मोटर्ससाठी त्याने 'फ्युचरामा' उभारलं, म्हणजे १९६० सालच्या अमेरिकेचं मॉडेल. जवळजवळ ३६,००० चौरस फूट! ५ लाख इमारती, १० लाखांवर झाडं, ५०,००० गाड्या आणि त्यातल्या १०,००० खरंच धावणाऱ्या. (आमच्या दोन.) हायवेवर ताशी ५०, ७५ आणि १०० मैलांच्या वेगळ्या लेन, गाड्यांमधलं अंतर रेडिओने राखायची कल्पना. लोक सरकत्या खुर्च्यांत बसून, विमानातून बघावं तसं वरून बघत जायचे. शेवटी मॉडेलमधला एक चौक दिसायचा. खुर्चीतून उतरून बाहेर पडलं की समोर तोच चौक, खराखुरा, फुल साइझमध्ये! इथे मी पुस्तक मिटून जरा वेळ गप्प बसले.

गंमत म्हणजे या शहरात चर्चेस कुठे आहेत, अशी लोकांनी तक्रार केली. थिएटरचं कॅथीड्रल करणाऱ्यालाच चर्च आठवू नये! १९४० च्या सीझनला ती लावण्यात आली. मला मात्र दुसरंच खटकलं. मॉडेल गाड्या विकणाऱ्या कंपनीचं, म्हणून सगळा थाट गाड्यांचा. धूर नाही, ट्रॅफिक जॅम नाही. मॉडेलमध्ये नको ते सोडून देता येतं ना! आम्ही तरी काय, फूटपाथ विसरलोच होतो.

फेअर १९४० मध्ये संपला, मॉडेल मोडलं. १९५६ साली अमेरिकेत आंतरराज्य हायवेंचा मोठा कायदा झाला. पुढे दोनच वर्षांनी, मे १९५८ मध्ये, बेल गेडिस वारला. ज्या १९६० चं शहर त्याने बांधलं, ते साल त्याला बघायला मिळालं नाही.

आम्ही वळणाची बाहेरची बाजू पुठ्ठा घालून उचलली. हा लेख देईपर्यंत लाल कार सलग चार फेऱ्या टिकली होती. फूटपाथसाठी थर्माकोल संपलाय. कुणाकडे उरला असेल तर रूमवर आणून द्या, प्लीज!