भूमिकेला शोभेल असे पद : बालगंधर्वांची हकीकत

ह्या वर्षी वर्धापनदिनाला आपल्या मंडळाने ‘स्वयंवर’ नाटकातला एक प्रवेश बसवायचे ठरवले आणि रुक्मिणीच्या कामासाठी नावे मागवली. प्रत्येकीने नाट्यगीतांपैकी कोणतेही एक पद म्हणून दाखवायचे, एवढीच अट. तेव्हापासून आमच्या आळीत दुसरा विषय नाही. कोणी म्हणते, सगळ्यांत अवघड असेल ते पद घ्यावे, म्हणजे परीक्षक गप्प बसतील. कोणी म्हणते, ताना भरपूर असाव्यात. दोघी-तिघी माझ्याकडेही विचारायला आल्या. मी सातवी शिकलेली बाई. गाणे शिकले नाही, पण ऐकले पुष्कळ. त्या मुलींना मी रुक्मिणी ज्यांनी प्रथम रंगभूमीवर आणली, त्या नारायणराव राजहंसांची म्हणजेच बालगंधर्वांची हकीकत सांगितली. तीच आज थोडी विस्ताराने लिहिते आहे.

नारायणरावांचा जन्म २६ जून १८८८ चा. वडिलांचे नाव श्रीपादराव, आईचे अन्नपूर्णाबाई. घर मध्यम स्थितीतले, पण मुलाचा गळा देवाने दिलेला. जळगावला मेहबूबखाँ ह्यांच्याकडे त्यांनी गाण्याचे पहिले धडे घेतले. दहा वर्षांचे असताना, १८९८ साली, पुण्यात लोकमान्य टिळकांनी त्यांचे गाणे ऐकले आणि कौतुकाने त्यांना बालगंधर्व म्हटले. ते नाव जन्मभर चिकटले, इतके की पुढे राजहंस हे आडनाव लोक विसरूनच गेले.

आता त्या काळी नाटक कंपनीची गरज काय होती तेही सांगायला हवे. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली ‘शाकुंतल’ आणि १८८२ साली ‘सौभद्र’ रंगभूमीवर आणले. ह्या नाटकांत पदे किती, तर शंभराच्या वर! मात्र ती लहान लहान असत. साकी, दिंडी, ओवी, कामदा अशा चाली, ज्या आपल्या आजी-पणजी जात्यावर आणि देवघरात म्हणत, त्यांतल्याच कितीतरी. ह्या पदांना तान नको, शब्द स्पष्ट हवेत, कारण गोष्टच पदांतून पुढे सरकते. अण्णासाहेबांना बडोद्याला भाऊराव कोल्हटकर हे सुंदर गळ्याचे तरुण मिळाले आणि ते शकुंतला, सुभद्रा झाले. १९०१ साली भाऊराव अवघे अडतिसाव्या वर्षी वारले. कंपनीची जणू दिवाळीच विझली. बायका तेव्हा ह्या कंपन्यांत काम करीत नसत. तेव्हा रूप, गळा आणि वाणी ही तिन्ही एका मुलाच्या ठायी असलेला कोणी मिळेना.

इकडे नारायणाच्या कानाला दुखणे होते. गाणाऱ्याचा कान दुखरा म्हणजे सुगरणीची जीभच गेल्यासारखे. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी त्यांना उपचारासाठी मिरजेच्या मिशन दवाखान्यात डॉ. वॉन्लेस ह्यांच्याकडे पाठवले. महाराजांच्याच शब्दाने पुढे किर्लोस्कर मंडळीची वाट खुली झाली. नाटकात मुलगा घालायचा म्हणजे त्या काळी घरात रडारड व्हायची. नाटक्यांना समाजात मान नव्हता. पण १९०५ साली ते कंपनीत गेले आणि त्याच वर्षी मिरजेला शकुंतला म्हणून उभे राहिले. वय सतरा. भाऊरावांच्याच जागी, भाऊरावांचीच भूमिका. पाहणाऱ्या प्रत्येकाच्या मनात जुना सूर घुमत असणार. नव्या सुनेला सासूच्या हातच्या पुरणपोळीशी तोलतात ना, तसेच हे.

मला वाटते, ते तरले त्याचे मोठे श्रेय गोविंद बल्लाळ देवल ह्यांना द्यायला हवे. ‘शारदा’ लिहिणारे देवल मास्तर तालमीत फार कडक. गळा गोड आहे म्हणून ते कोणाला सोडीत नसत. शकुंतला सासरी निघाली आहे, तर त्या वेळचा सूर निराळा. ती दुष्यंतासमोर प्रथम लाजते आहे, तर तो निराळा. बोलताना जो श्वास, तोच पदातही चालू राहिला पाहिजे, गद्य थांबले आणि गाणे सुरू झाले असे प्रेक्षकाला वाटता कामा नये, हे वळण त्यांनी लावले. नारायणरावांच्या शब्दफेकीचे पुढे सगळे कौतुक करीत, त्याचे मूळ इथे आहे.

१२ मार्च १९११ ला मुंबईत खाडिलकरांच्या ‘मानापमान’चा पहिला प्रयोग होता. चाली गोविंदराव टेंब्यांच्या, भूमिका भामिनीची. त्याच दिवशी नारायणरावांची पहिली मुलगी वारली. खेळ बंद ठेवता आला असता, पण तिकिटे गेली होती, सगळ्यांचे पोट त्यावर होते. ते रात्री उभे राहिले आणि गर्विष्ठ, नखरेल भामिनीची पदे गायले. ही गोष्ट वाचली की माझ्या मनात दरवेळी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई येतात. ते रंगपटात शालू नेसत होते, तेव्हा त्या कुठे बसल्या असतील? पुरुषांच्या धैर्याच्या गोष्टी पुस्तकांत सापडतात, घरात राहिलेल्या बाईची ओळ कोणी लिहीत नाही.

१९१३ साली त्यांनी गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे ह्यांच्यासह गंधर्व नाटक मंडळी काढली. १९१६ च्या डिसेंबरात ‘स्वयंवर’ आले. चाली भास्करबुवा बखल्यांच्या, अस्सल रागदारीतल्या. आपल्या मुलींच्या डोळ्यांपुढे जे पद आहे, ते यमनातले, ह्याच नाटकातले. ते कठीण आहे हे खरेच. पण रुक्मिणी ही राजाची मुलगी, मनाने एकालाच वरलेली, घरच्यांच्या विरोधात उभी. त्या पदात तिचा निश्चय आहे. तो ऐकणाऱ्याच्या मनात उतरला नाही तर नुसत्या ताना मोजून काय करायचे?

ह्याच्या अगदी उलट ‘एकच प्याला’. गडकऱ्यांचे हे नाटक २० फेब्रुवारी १९१९ ला बडोद्याला प्रथम झाले. गडकरी त्याआधी महिनाभरापूर्वीच गेले होते, त्यांना ते पाहता आले नाही. पदे विठ्ठल सीताराम गुर्जरांनी लिहिली, आणि चालींसाठी पुण्याच्या सुंदराबाई जाधवांकडे जाणे झाले. गझल, कजरी, दादरा ह्या गाण्यांची त्यांची जाण मोठी होती. सिंधू ही दारुड्याची बायको, फाटके-ठिगळाचे लुगडे नेसलेली. तिच्या तोंडी जड ख्याल घातला असता तर ती सिंधू राहिली नसती. तिला साध्या, काळजाला हात घालणाऱ्या चाली दिल्या. रुक्मिणीच्या वेळी शालू-दागिन्यांनी डोळे दिपवणारे नारायणराव इथे ठिगळ लावून आले, आणि गळाही तसाच साधा ठेवला. आमच्या आजेसासूबाईंनी हे नाटक लहानपणी पाहिले होते. त्या सांगत की सगळ्या बायका पदराने डोळे पुसत होत्या आणि नट पुरुष आहे हे कोणाच्या ध्यानातही नव्हते.

म्हणून मी मुलींना म्हटले, कोणते पद घेणार हे ठरवण्याआधी ती बाई कोण, तिच्यावर वेळ काय आली आहे, ते पाहा. मग आपला गळा कोणत्या पट्टीत सुखाने फिरतो ते पेटीवर पाहा. परीक्षकांपुढे वरचा सूर ताणून चिरला तर मागचे सगळे गोड गाणे वाया जाते. आणि पदाच्या आधीची दोन वाक्ये बोलून मग पद सुरू करा.

नारायणरावांचे सगळेच मला पटते असे मात्र नाही. प्रेक्षकांनी ‘वन्स मोअर’ दिला की ते पुन्हा गात, पुन्हा नव्या जागा घेत. साथीला थिरकवाँसारखे तबलजी, कादरबक्षांची सारंगी, मग काय विचारता! नाटक रात्री सुरू व्हायचे आणि पहाट उजाडायची. गाणे अमृतासारखे, पण कथा बिचारी खोळंबून राही. देवल मास्तर १९१६ सालीच वारले होते. ते असते तर त्यांनी हात वर केला असता, असे वाटते.

८ जुलै १९२१ ला मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी संयुक्त ‘मानापमान’ झाला. केशवराव भोसले धैर्यधर, नारायणराव भामिनी. दोन कंपन्यांचे दोन राजे एका रंगमंचावर. त्याच वर्षी ऑक्टोबरात केशवराव गेले. पुढे गंधर्व मंडळी कर्जात बुडाली. रंगपटात अत्तर, जरी, गालिचे ह्यांत नारायणरावांनी कधी हात आखडता घेतला नव्हता. कर्ज त्यांनी फेडले, पण काळ बदलत चालला होता. बोलपट आले, रंगभूमीवर स्त्रिया स्वतः स्त्रियांची कामे करू लागल्या. १९३५ साली ‘प्रभात’च्या ‘धर्मात्मा’त ते एकनाथ झाले. ज्यांना आयुष्यभर नऊवारीत पाहिले, त्यांना संताच्या वेषात पाहणे लोकांना जड गेले. नंतर गोहरबाई कर्नाटकी त्यांच्याबरोबर गाऊ लागल्या, पुढे त्यांच्या सहचारिणी झाल्या. ह्यावर तेव्हा लोक खूप बोलले. लक्ष्मीबाई १९४० साली गेल्या.

उतारवयात पाय निकामी झाले. ज्यांच्या चालण्याचे अनुकरण घराघरातल्या बायका करीत, ते बसूनच भजने गात. १९५५ साली राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव झाला, १९६४ साली पद्मभूषण मिळाले, आणि त्याच वर्षी गोहरबाईही गेल्या. पुण्याला त्यांच्या नावाचे रंगमंदिर व्हायचे होते, त्याची कोनशिला ८ ऑक्टोबर १९६२ ला त्यांच्याच हातून बसवली गेली. १५ जुलै १९६७ ला ते वारले. रंगमंदिर उघडले ते २६ जून १९६८ ला, त्यांच्या जन्मदिवशी.