जंजिऱ्याच्या नवाबांचा तारा आणि आपल्या पेटीतलं पदक

ओवे, तळोजा, पनवेल या आपल्या पट्ट्यात जुनी घरं पाडून इमारती उभ्या राहतायत. घर रिकामं करताना आजोबा-पणजोबांच्या पेटीच्या तळाशी कधी एखादं पदक सापडतं. त्यावर फारसी अक्षरं दिसली की कुणी ते मुगलांचं समजतो, कुणी जंजिऱ्याच्या नवाबांचं. शेवटी ते सराफाकडे जातं आणि चांदीच्या भावात वितळतं. असं होऊ नये म्हणून आज आम्ही आपल्याच रायगड जिल्ह्यातल्या एका राज्यकर्त्याची कहाणी सांगतोय. शाही किताब म्हणजे काय, तो का दिला जायचा आणि ओळखायचा कसा, हे त्यांच्या आयुष्यातून चांगलं कळतं. ते म्हणजे मरहूम नवाब सर सिद्दी अहमद खान.

सोळाव्या वर्षी गादी

सिद्दी अहमद खान यांचा जन्म 1862 चा. वडील नवाब सिद्दी इब्राहिम खान. जंजिरा संस्थान तसं लहान, सुमारे 324 चौरस मैलांचं, पण शेकडो वर्षं कुणालाही न जिंकता आलेल्या किल्ल्यामुळे त्याचा दबदबा मोठा. मात्र इब्राहिम खान यांच्या काळात कारभार बिघडल्याचं कारण देऊन ब्रिटिशांनी फौजदारी अधिकार काढून घेतले आणि आपला पोलिटिकल एजंट नेमला. किल्ला कुणी जिंकला नाही, पण अधिकार असे कागदावरून गेले.

1879 मध्ये वडिलांचा इंतकाल झाला, तेव्हा अहमद खान अवघे सोळा वर्षांचे होते. त्यांचं शिक्षण राजकोटच्या राजकुमार कॉलेजात झालं. संस्थानिकांची मुलं तिथे इंग्रजी रीतीभातीत तयार केली जायची. 1883 मध्ये कारभार त्यांच्या हाती आला.

मुरूडला त्यांनी 1885 च्या सुमारास अहमदगंज राजवाडा बांधला. मुगल आणि गॉथिक शैलीचं मिश्रण असलेली ही वास्तू समुद्राकाठी आजही उभी आहे. गावाला प्यायचं पाणी मिळावं म्हणून गारंबीच्या जंगलात धरण बांधलं गेलं. त्या योजनेला राणी व्हिक्टोरियाचं नाव दिलं होतं. नाव राणीचं असलं तरी पाणी मुरूडकरांच्या घरात आलं.

दोन किताब

1895 मध्ये नवाब साहेबांना के.सी.आय.ई. हा किताब मिळाला आणि ते ‘सर’ झाले. 1906 मध्ये त्याच मालिकेतला सर्वात वरचा दर्जा, जी.सी.आय.ई., त्यांना देण्यात आला. मुरूडच्या सर एस. ए. हायस्कूलच्या नावातला ‘सर’ तो हाच.

‘ऑर्डर ऑफ द इंडियन एम्पायर’ ही मालिका राणी व्हिक्टोरियाने 1878 च्या सुरुवातीला चालू केली. पहिल्यांदा तिच्यात एकच दर्जा होता, वरचे दर्जे 1887 मध्ये आले. तिचं मानचिन्ह एकदा पाहिलं की विसरत नाही. लाल मिन्याचा पाच पाकळ्यांचा गुलाब, मधे राणीचा चेहरा आणि वर मुकुट. फीत गडद निळी-जांभळी. सुरुवातीच्या चिन्हांत पाकळ्यांवर ‘इंडिया’ या शब्दाची पाच रोमन अक्षरं असायची. छातीवर लावायचा तारा दहा टोकांचा. के.सी.आय.ई.चा तारा सगळा चांदीचा, तर जी.सी.आय.ई.च्या ताऱ्यात सोनेरी आणि रुपेरी किरणं एकाआड एक. वरच्या दर्जाला गळ्यात घालायची सोन्याची माळही असे. तिच्यात हत्ती, मोर, कमळ आणि गुलाब गुंफलेले. मूळ डबीवर बहुधा लंडनच्या गॅरार्ड कंपनीचं नाव मिळतं.

पण हा तारा फुकट नव्हता. साम्राज्य संस्थानिकांचे अधिकार आखडून घ्यायचं आणि किताब, तोफांची सलामी, दरबारातली खुर्ची यांनी त्यांचा मान सांभाळायचं. जंजिऱ्याला 11 तोफांची सलामी होती. कुणाला किती तोफा, कुणाच्या छातीवर कोणता तारा, यावर राजेमंडळीत चढाओढ चालायची. म्हणून आम्हाला वाटतं, या किताबाचा नुसता गर्व करणं जितकं चूक, तितकंच तो लपवणंही चूक. तो काळ समजून घ्यायचा तो पुरावा आहे.

घरचं सुख-दुःख

नवाबांच्या बेगम नाझली या फैझी घराण्यातल्या, अतिया फैझी यांच्या भगिनी. त्यांच्यामुळे मुरूडच्या राजवाड्यात इल्म आणि अदबची मैफल जमली. अल्लामा शिबली नोमानीही तिथे पाहुणे म्हणून राहिले. 1908 मध्ये नवाब, बेगम आणि अतिया यांनी युरोपचा प्रवास केला. नाझली बेगम यांनी त्यावर उर्दूत ‘सैर-ए-यूरोप’ हे प्रवासवर्णन लिहिलं. मात्र त्यांना मूल नव्हतं आणि 1913 मध्ये हे लग्न मोडलं. दुसऱ्या बेगम कुलसूम यांच्यापासून 1914 मध्ये मुलगा झाला, सिद्दी मुहम्मद खान.

1922 मध्ये नवाब साहेबांचा इंतकाल झाला. वारस फक्त आठ वर्षांचा होता. कुलसूम बेगम यांनी राज्य सांभाळलं. 1948 मध्ये संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं आणि आजच्या रायगडचा, म्हणजे तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्याचा भाग बनलं.

आपल्या पेटीत काय असू शकतं?

असा तारा साध्या घरात सापडणं जवळपास अशक्य. पण 1903 आणि 1911 च्या दिल्ली दरबारची गोल चांदीची पदकं सापडू शकतात. त्यांच्या एका बाजूला फारसी मजकूर आहे, दुसरीकडे बादशहाचा चेहरा. 1903 वर एडवर्ड एकटा, 1911 वर जॉर्ज आणि राणी मेरी. फारसी दिसलं म्हणून ते मुगलांचं होत नाही. खानसाहेब, खानबहादूर या किताबांचे बिल्लेही मिळतात. त्यांच्या मागची बाजू नीट बघा, तिथे नाव कोरलेलं असू शकतं. पहिल्या महायुद्धातल्या चांदीच्या पदकाची कड भिंगाखाली धरा. शिपायाचा नंबर, नाव आणि पलटण तिथेच असते.

म्हणून वाचकहो, पदक चिंच-राखेने घासू नका. घासण्याने नाव झिजतं, आणि नाव गेलं की त्या माणसाची ओळख गेली. फीत फाटकी असली तरी काढून टाकू नका, डबी आणि सनदेचा कागद सोबतच ठेवा. शंभर वर्षांहून जुनी ऐतिहासिक वस्तू 1972 च्या पुरावशेष कायद्याखाली येते आणि ती खाजगीरीत्या परदेशी पाठवता येत नाही, हेही लक्षात असू द्या. सराफाकडे जाण्याआधी दोन्ही बाजूंचे आणि कडेचे फोटो काढा, आणि घरातल्या सर्वात वयस्कर माणसाला विचारा की हे कुणाचं होतं. मिळालेलं उत्तर त्याच दिवशी कागदावर लिहून पदकासोबत ठेवा.

अल्लाह मरहूम नवाब साहेबांची मगफिरत करो. आमीन.