पिंपळनेरचे निळोबाराय

दिंडीला १०० वर्षं झाली, चार शब्द लिहा असं मंडळींनी सांगितलं. आम्ही चौथी शिकलेले शेतकरी, चुकलंमाकलं पदरात घ्यावं.

आपल्या नगर जिल्ह्यात पारनेर तालुक्यात पिंपळनेर गाव आहे. तिथं निळोबारायांची समाधी आहे. निळोबा मूळचे घोडनदीच्या शिरूरकडचे. घरात कुलकर्णीपण. दप्तर आणि प्रपंच सांभाळणारा संसारी माणूस. तुकोबाराय १६५० साली वैकुंठाला गेले. निळोबांची आणि त्यांची देहानं गाठ पडलीच नाही. पण तुकोबांच्या अभंगांनी असा ध्यास लावला, की त्यांनीच आपल्याला जवळ करावं म्हणून निळोबा अन्नपाणी सोडून बसले. संप्रदायात सांगतात, आधी पांडुरंगच आले. निळोबांनी देवालाही सांगितलं, की तुम्हाला बोलावलं नव्हतं, आम्हाला तुकोबा हवेत. मग तुकोबांनी दर्शन दिलं आणि अनुग्रह केला. त्यानंतर निळोबांच्या मुखातून अभंग निघाले, त्यांची गाथा झाली. पुढं त्यांनी शिऊरच्या शंकरस्वामींवर कृपा केली.

ही कथा आम्ही कीर्तनात लई वेळा सांगितली, पण कळली उशिरा. चाल येते का, ताल येतो का, असं तुकोबांनी विचारलं नाही. तळमळ बघितली अन् जवळ घेतलं.

आमच्या हातून मात्र उलटं झालं. एका वारीत पन्नाशीचा गडी नवा टाळ घेऊन आला. ताल चुकला, तर आम्ही सगळ्यांदेखत त्याचा हात धरला. तो गप झाला. पुढल्या वर्षी दिंडीत आलाच नाही. ते अजून सलतं.

तेव्हापासून नवा माणूस आला की आम्ही त्याला आपल्या शेजारी, मृदंग ऐकू येईल असा उभा करतो. आधी ध्रुपद आपल्याबरोबर म्हणू देतो. जे जमलं ते पहिल्यांदा सांगतो. चूक सांगायची ती मुक्कामावर, बाजूला घेऊन, एका दिवशी एकच. दुसऱ्या दिवशी तीच जागा त्याच्याबरोबर पुन्हा म्हणतो. मोठ्या माणसाला चुकीपेक्षा लाज जास्त अडवते. पाठांतर आणि ताल चालता चालता येतो.

यंदा दिंडीत कुणी टाळ धरून मागं मागं राहत असेल, तर त्याला हाक मारून शेजारी घ्या, एवढीच विनंती.

राम कृष्ण हरी.