खोक्यातून गाडी विकणारा इंजिनीअर : कॉलिन चॅपमन

मित्रांनो, मॅथ्सला केटी लागली की हॉस्टेलवर काय होतं ते मी वेगळं सांगायला नको. दोन दिवस जेवण जात नाही आणि घरून फोन आला की पोटात गोळा येतो. पण ज्याच्या रेसिंग कार्सनी सगळ्या जगाला मागे टाकलं, त्या माणसाचाही फायनलचा मॅथ्सचा पेपर उडाला होता, हे किती जणांना माहीत आहे? त्याचं नाव कॉलिन चॅपमन. लोटस कंपनीचा संस्थापक.

चॅपमनचा जन्म 19 मे 1928 रोजी इंग्लंडमधल्या रिचमंड इथे झाला. लहानपण उत्तर लंडनच्या हॉर्न्सी भागात गेलं. तिथे त्याचे वडील पब चालवायचे. पुढे त्याने लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये ॲडमिशन घेतली, ती स्ट्रक्चरल इंजिनीअरिंगला. म्हणजे मेकॅनिकलही नाही! अभ्यासाबरोबर तो विमान उडवायला शिकला आणि एका मित्राबरोबर सेकंडहॅण्ड गाड्यांचा धंदाही करू लागला.

धंदा बरा चालला होता. पण 1947 मध्ये सरकारने खासगी गाड्यांना मिळणारं रेशनचं पेट्रोल बंद केलं आणि बाजार एकदम बसला. बाकीच्या गाड्या तोट्यात विकल्या. एक जुनी ऑस्टिन सेव्हन मात्र कोणी घेईना. आपण असतो तर भंगारात दिली असती. चॅपमनने ती मैत्रीण हेझलच्या घरामागच्या गॅरेजमध्ये नेली, जुनी बॉडी काढून टाकली आणि नवी हलकी बॉडी चढवली. 1948 मध्ये तयार झालेली ही गाडी म्हणजे पहिली लोटस. त्याच वर्षी तो डिग्री न घेता कॉलेजमधून बाहेर पडला. पेपर परत दिला आणि 1949 मध्ये डिग्री मिळवली.

1 जानेवारी 1952 ला, हेझलकडून 25 पौंड उसने घेऊन, वडिलांच्या पबमागच्या जुन्या तबेल्यात त्याने कंपनी सुरू केली. 1954 मध्ये दोघांनी लग्न केलं. त्याची ‘मार्क सिक्स’ ही गाडी सुट्या भागांच्या किटच्या रूपात विकली जायची. इथे त्याचं स्ट्रक्चरल इंजिनीअरिंग कामी आलं. पुलाच्या ट्रसमध्ये जसे त्रिकोण असतात, तशी बारीक स्टीलच्या नळ्यांची फ्रेम त्याने गाडीला दिली. वजन कमी, पण मजबुती भरपूर.

1957 मध्ये आली प्रसिद्ध ‘लोटस सेव्हन’. दरवाजे नाहीत, वजन 500 किलोपेक्षाही कमी! तेव्हा ब्रिटनमध्ये तयार नव्या गाडीवर भरमसाट पर्चेस टॅक्स होता, पण सुट्या भागांवर तो लागत नसे. अट अशी की, सोबत जोडणीच्या सूचना द्यायच्या नाहीत. मग म्हणे चॅपमनने गाडी खोलायची कशी याच्या सूचना दिल्या. गिऱ्हाइकाने त्या उलट्या क्रमाने वाचायच्या! किस्सा खरा असो वा नसो, माणूस असाच होता.

त्यामुळे साध्या पगारदार माणसालाही स्पोर्ट्स कार परवडू लागली. शनिवार-रविवारी हाताला ग्रीस लावून ती पूर्ण करायची आणि सोमवारी तीच घेऊन ऑफिसला जायचं. सगळ्यांनाच हे जमतं असं नाही. इंग्लंडमध्ये आजही कुणाचं किट अर्ध्यात अडतं, मग तो ते विकतो आणि दुसरा हौशी ते घेऊन पूर्ण करतो. अशी अर्धवट गाडी घेणाऱ्याने आधीच्या माणसाचा प्रत्येक नट आणि प्रत्येक वेल्ड पुन्हा तपासायचा असतो. कारण शेवटी गाडीत बसणार तो स्वतः!

चॅपमनच्या गोष्टीची दुसरी बाजू नेमकी हीच आहे. फॉर्म्युला वनमध्ये त्याने 1962 मध्ये मोनोकॉक बॉडी आणली, पुढे हवेच्या दाबाने गाडी रस्त्याला चिकटवणारा ग्राउंड इफेक्ट आणला. 1963 ते 1978 या काळात लोटसने सात वेळा कन्स्ट्रक्टर्स चॅम्पियनशिप जिंकली. पण हलकेपणाच्या ध्यासापायी भाग नाजूक राहतात, ही तक्रार कायम होती. त्याचा लाडका ड्रायव्हर जिम क्लार्क 1968 मध्ये लोटस चालवतानाच गेला. त्या अपघाताचं नक्की कारण कधीच कळलं नाही. 1970 मध्ये मॉन्झाला योखेन रिंट गेला. ब्रेकचा शाफ्ट तुटला होता आणि ट्रॅकच्या कडेचं रेलिंगही नीट बसवलेलं नव्हतं. त्या वर्षीचं विजेतेपद रिंटला मरणोत्तर मिळालं.

16 डिसेंबर 1982 ला हार्ट अटॅकने चॅपमन गेला. वय फक्त 54. तेव्हा डीलोरियन कार कंपनीतल्या पैशांच्या घोटाळ्यात लोटसचं नाव आलं होतं. पुढे 1992 मध्ये लोटसच्या जुन्या हिशेबनिसाला त्यात तुरुंगवास झाला. म्हणजे आपला हीरो काही धुतल्या तांदळासारखा नव्हता. पण त्याची सेव्हन अजून जिवंत आहे. 1973 मध्ये केटरहॅमने तिचे हक्क घेतले आणि तिथे ती आजही किटमध्ये मिळते.

मित्रांनो, आपल्या वर्कशॉपमागे सीनिअर्सनी अर्धवट सोडलेली गो-कार्ट पडून आहे. चाकांत गवत उगवलंय. या सुट्टीत आम्ही चौघं ती पूर्ण करायला घेणार आहोत. स्पॅनर धरता येत असेल तर तुम्हीही या, केटी असली तरी चालेल! फक्त एक गोष्ट पक्की ठरली आहे. वजन कितीही कमी करू, पण ब्रेक आणि वेल्ड दोनदा तपासल्याशिवाय कुणालाही तिच्यात बसवणार नाही. चॅपमनकडून दोन्ही धडे घ्यायचे आहेत.