धर्मराजाला निरोप देणारा वली

आज आम्ही जावा बेटातल्या एका पुरुषाचं चरित्र सांगणार आहोत. देमाक शहराजवळ कादिलांगू येथे सुनान कालिजागा यांची कबर आहे. काळ १५व्या-१६व्या शतकातला. जावात इस्लाम रुजविणारे जे नऊ वली मानतात, त्यांतले हे एक.

मूळ नाव रादेन साईद, तुबानच्या अधिपतीचे पुत्र. तरुणपणी वाटमारी करीत आणि लूट गरिबांत वाटीत, अशी कथा आहे. एकदा त्यांनी सुनान बोनांग यांना अडवलं आणि स्वतःच त्यांचे अंकित झाले. गुरूंनी नदीकाठी काठी राखायला सांगितली नि ते निघून गेले. वर्षं लोटली, अंगावर वेली चढल्या, तरी शिष्य जागचा हलला नाही. तिकडे काली म्हणजे नदी, जागा म्हणजे राखणे. त्यावरून हे नाव पडलं. आपल्याला वाल्या कोळी आठवल्यावाचून राहत नाही.

पुढे त्यांनी लोकांचे जुने खेळ मोडले नाहीत. वायांग म्हणजे चामडी बाहुल्यांचा छायाखेळ. त्यात पांडवांच्या कथा चालत. परंपरा सांगते की त्याच खेळातून त्यांनी नवा धर्म शिकविला. धर्मराजाजवळ कालिमासादा नावाचा मंत्रलेख होता. तो वाचता येईना म्हणून त्याला मरण येईना. कालिजागांनी तो वाचला, तो कलमा निघाला, आणि धर्मराज शांतपणे गेला!

ही कथा ऐकून आम्ही प्रथम दचकलो, खरं सांगतो. आमचा धर्मराज असा दुसऱ्याच्या घरी कसा? मग विचार केला, की धर्म बदलताना त्या लोकांना धर्मराज टाकवेना. नव्या घरातही त्यांनी त्याला पाट मांडला. यात चोरी नाही, माया आहे.

आज बसगाड्या भरभरून यात्रेकरू नऊ वलींच्या कबरींना जातात. कुराण वाचतात, फुलं वाहतात, बाजारही करतात. बकरी ईदेला कालिजागांच्या वस्तूंना स्नान घालण्याचा सोहळा होतो. कबरीपाशी मागणं धर्माला धरून नाही, असं म्हणणारे मुसलमान तिथेही आहेत. आणि यात्रेची नुसती सहल होते, ही भीतीही खोटी नव्हे. पण ज्यानं एका काठीसाठी वर्षं काढली, त्याच्या दारी घटकाभर स्थिर बसला तो यात्रेकरू. बाकीचे बाजार करून परतले, एवढंच.