शेवटचं कडवं कापू नका : वामनदादांचं गाणं आणि वामनदादांचं नाव

१४ एप्रिल जवळ आला की प्रतापनगरपासून दीक्षाभूमीपर्यंत वामनदादा कर्डकांची गाणी वाजू लागतात. गाणं तरुणांना तोंडपाठ असतं. पण ते कुणाचं, असं विचारलं की उत्तरात बहुधा गायकाचं नाव येतं. म्हणून आम्ही दादांचं आयुष्य इथे थोडक्यात मांडत आहोत.

दादांचा जन्म १५ ऑगस्ट १९२२ रोजी नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नर तालुक्यातील देशवंडी गावी झाला. घरी गरिबी, त्यामुळे शाळा राहिलीच. पोटासाठी ते मुंबईला आले, मिळेल ते काम केलं आणि समता सैनिक दलात दाखल झाले. एकदा कुणीतरी पत्र वाचायला दिलं. ते वाचता आलं नाही, ही गोष्ट त्यांच्या मनाला फार लागली. मग देहलवी नावाच्या शिक्षकांकडे त्यांनी बाराखडी गिरवली आणि दुकानांच्या पाट्या वाचत जोडाक्षरं शिकली. १९४३ मध्ये त्यांनी पहिलं गीत लिहिलं. चाल लोकांच्या ओठांवरच्या हिंदी गाण्याची होती, शब्द दादांचे.

सिनेमानंही हे शब्द घेतले. अनंत मानेंच्या 'सांगत्ये ऐका' (१९५९) या गाजलेल्या चित्रपटातलं 'सांगा या वेडीला' हे गाणं दादांचं. संगीत वसंत पवारांचं. ही लावणी आजही कार्यक्रमांत गायली जाते, पण ती लिहिणारा माणूस भीमगीतांचा वामनदादा आहे, हे किती जणांना ठाऊक आहे?

दादा मात्र सिनेमात रमले नाहीत. गावोगाव फिरून त्यांनी बाबासाहेबांचा विचार गाण्यातून पेरला. आपल्या विदर्भानंही त्यांचा मान राखला. १९९३ साली वर्ध्याला भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय आंबेडकरी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. १५ मे २००४ रोजी नाशिकला त्यांचं निधन झालं.

आता मुद्द्याची गोष्ट. दादा अनेकदा शेवटच्या कडव्यात स्वतःचं नाव गुंफत. संतांच्या अभंगापासून शाहिरांच्या कवनापर्यंत चालत आलेली ही रीत आहे. छापखाना हाताशी नसलेल्या कवीची तीच सही. पण जुन्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावत, तिथे लांब गाणं छाटावंच लागे. आज डीजेवर आणि रीलवर तर एक-दोन ओळीच उरतात. कडवं गेलं की नाव जातं, आणि आपल्या कवीचं गाणं बेवारस होतं. ज्यांच्या पूर्वजांना लिहिण्याचा हक्कच नव्हता, त्यांच्या पहिल्या पिढीतल्या कवीची सही आपणच पुसावी, हे आपल्याला शोभत नाही.

म्हणून या जयंतीला एवढं करूया. गाणं पूर्ण वाजवूया, माईकवर कवीचं नाव घेऊया, आणि रील टाकताना गायकाच्या आधी गीतकाराचं नाव लिहूया. घरातल्या जुन्या कॅसेट, वह्या रद्दीत देण्याआधी एकदा विहारात आणून दाखवूया.

जय भीम!