अध्यक्षाच्या आसनावर नगरचे वकील

वाचकहो, नगर शहरातील भाऊसाहेब फिरोदिया हायस्कूलची पाटी आपण येता-जाता वाचली असेल. ते भाऊसाहेब म्हणजे कुंदनमल सोभाचंद फिरोदिया. जन्म १८८५ चा, निधन १९६८ साली. व्यवसायाने वकील, धर्माने जैन. १९४६ ते १९५२ या काळात ते मुंबई विधानसभेचे अध्यक्ष होते.

त्यांच्या वाट्याला कोणते सभागृह आले, ते पाहा. १९३९ साली महायुद्धाच्या प्रश्नावर काँग्रेस मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. सारी सत्ता गव्हर्नरच्या हाती गेली आणि सहा वर्षांहून अधिक काळ विधानसभेचे काम बंद पडले. मौलाना आझाद आपल्या नगरच्या किल्ल्यात कैदेत होते, तो काळही यातलाच. लोकांनी प्रतिनिधी निवडले होते. पण गाऱ्हाणे मांडायला सभागृहच उरले नव्हते.

१९४६ साली नवी विधानसभा आली. १७५ जागांच्या या सभेत बहुमत काँग्रेसचे, तर विरोधी बाकांवर मुस्लिम लीग. मुसलमानांचे मतदारसंघ वेगळे. पुढच्याच वर्षी फाळणी झाली. अशा तापलेल्या दिवसांत भाऊसाहेबांना ते आसन सांभाळावे लागले.

अध्यक्ष निवडून येतो पक्षाकडून, परंतु आसनावर बसला की तो सर्वांचा होतो. तो वादात पडत नाही. मते समसमान पडली, तरच आपले मत देतो. बहुमताला निर्णयाचा हक्क आहे, तसा अल्पमताला बोलण्याचा. यांतला एक जरी बुडाला, तरी सभेचे गाडे अडते.

ते गाडे चालले, म्हणूनच १९४७ चा प्राथमिक शिक्षण कायदा आणि १९४८ चा कुळकायदा होऊ शकला. तोवर मताचा अधिकार कर, मालमत्ता किंवा शिक्षण असणाऱ्यांपुरताच होता. संविधानाने वेगळे मतदारसंघ संपवले आणि १९५२ च्या निवडणुकीत मोलमजुरी करणाऱ्या बाईलाही मत मिळाले.

पालकहो, मुलगा असो वा मुलगी, अठरा वर्षे पूर्ण होताच मतदारयादीत नाव नोंदवा. विद्यार्थीमित्रांनो, शाळेच्या वादसभेत समोरच्याचे म्हणणे शेवटपर्यंत ऐका, मगच उत्तर द्या. विधानसभेचा पहिला धडा तोच आहे, आणि तो गिरवायला निवडून येण्याची वाट पाहावी लागत नाही.